गादीवरची जागा

दादरला साडी घ्यायला आलेली बाई खरंच घेणार की नुसती बघणार, हे मी तिच्या चपलांवरून सांगते. दोन्ही चपला काढून, मांडी घालून गादीवर बसली की ती घेणार. एक पाय चपलेत ठेवून कडेला टेकली की ती पुढच्या दुकानात जाणार, मग तुम्ही तिच्यासमोर सगळं कपाट उलगडलंत तरी. ही विद्या मला कोणी शिकवली नाही. टिपणीस वस्त्रभांडारात मी ऐन तारुण्यात लागले, आता गुडघे कुरकुरायला लागले तरी तिथेच आहे. माझं नाव नलिनी तावडे. दुकानात सगळे नलूताई म्हणतात. माझ्या पाठीमागे काय म्हणतात तेही मला ठाऊक आहे, पण ते इथे सांगत नाही.

एक गोष्ट मात्र सांगते, आणि छाती पुढे काढून सांगते. टिपणिसांच्या गादीवर बसून साडी दाखवणारी पहिली बाई मी. त्याआधी बायका फक्त वरच्या मजल्यावर, फॉल-बीडिंगला. खाली गादीवर सगळे पुरुष. स्वतःच्या खांद्यावर पदर टाकून, कमरेशी निऱ्या धरून साडी दाखवायचे ते पुरुषच, आणि समोर बसलेल्या बायकांना त्यात काही वावगं वाटायचं नाही. मी थोरल्या शेठना म्हटलं, "साडी मी रोज नेसते. हे कधी नेसतात?" ते हसले आणि मला गादीवर जागा मिळाली. माझे अप्पा परळच्या गिरणीत साचेवाले होते. त्यांनी कापड विणलं, मी विकलं. आमच्या लालबागच्या घराला कापडाचा मान आहे, असं मी मानते.

थोरले शेठ गेले, आता त्यांचे माधवशेठ गल्ल्यावर बसतात. माणूस लाखात एक. कोणाच्या घरी आजारपण निघालं तर आधी शेठ हॉस्पिटलात पोचणार, मग नातेवाईक. दुकान म्हणजे एक घर, हे त्यांचं पालुपद. नारळी पौर्णिमेला दुकान उघडायच्या आधी आम्ही सगळ्या बायका शेठना राखी बांधतो आणि ते प्रत्येकीला एक साडी देतात. ती साडी आम्ही वर्षभर मिरवतो. घर म्हटलं की घरातल्या खोडीही आल्या. आपलेच दात नि आपलेच ओठ, म्हणून कुठलीही गोष्ट बाहेर जाऊ द्यायची नाही, चहा पाजून मिटवून टाकायची, हीही शेठची सवय.

आणि अभय म्हणजे शेठच्या गळ्यातला ताईत. पैठणीची गादी त्याची. बोलण्यात असा गोडवा की गिऱ्हाईक रुमाल घ्यायला आलं तरी शालू घेऊन जाईल. दोनेक वर्षांपासून तो मोबाइलवर साड्यांच्या रील काढतो, आणि 'तो रीलवाला कुठे आहे?' असं विचारत बायका पनवेल-विरारहून येतात. त्याच्या शेजारी बसायची आकांक्षा घाडीगावकर. वरळीच्या बीडीडी चाळीतली मुलगी, अंगाने काटकुळी, पण नजर पक्की. कुठल्या बाईला कुठला रंग खुलेल हे ती बाई दारात असतानाच ओळखायची. तिला फॉल-बीडिंगवरून खाली गादीवर मी आणलं होतं. माझ्यानंतर ही, असं मी मनात धरून होते.

श्रावणात एके दिवशी सकाळी बघते तर आकांक्षाची जागा रिकामी. मला वाटलं, रजा असेल. दुपारी डबा खायला वर गेले, तर बाईसाहेब फॉलचे दोरे कापत बसलेल्या, आणि डोळे सुजलेले.

"गे चेडवा, रडतंस कित्याक? आणि हंय काय करतंस?" मला राग आला की माझी मालवणी आपोआप बाहेर येते.

तिने सांगितलं ते असं. अभय साडी स्वतःच्या अंगावर दाखवायचं सोडून तिच्या अंगावर दाखवायला लागला होता. 'आकांक्षा, जरा उभी राहा' म्हणायचा, पदर तिच्या खांद्यावर टाकायचा आणि हात तिथेच ठेवायचा. निऱ्या कमरेशी स्वतः धरायचा. गिऱ्हाइकासमोर, रील काढताना, सगळ्यांदेखत. कानाशी काहीतरी बोलायचा, ते तिने मला सांगितलं, मी इथे लिहिणार नाही. तिने दोनदा त्याला 'नको' म्हणून सांगितलं. तो म्हणाला, "अगं, हे आपलं कामच आहे. गिऱ्हाइकाला अंगावर बघायला आवडतं." शेवटी ती शेठकडे गेली.

"शेठ चांगलं बोलले, नलूताई," ती म्हणाली. "त्यांच्या डोळ्यांत पाणीच आलं. म्हणाले, तू मला मुलीसारखी. आणि मग म्हणाले, आजपासून तू वर बस, तिथे सगळ्या बायका आहेत, तुला त्रास होणार नाही."

"आणि त्या मेल्याक?"

"तो खालीच. सणाचा सीझन आहे ना." ती दोरा कापायची थांबली. "आणि नारळी पौर्णिमेला मी त्याला राखी बांधायची. सगळ्यांसमोर. म्हणजे तो भाऊ होईल आणि विषय मिटेल, असं शेठ म्हणाले. मी बांधणार नाही, नलूताई. जबरदस्ती केली तर नोकरी सोडेन. पण मला सोडायची नाहीये."

चोर सोडून संन्याशाला फाशी, ही म्हण मी शाळेत पाठ केली होती. आता ती आमच्याच दुकानात, फॉलच्या ढिगाऱ्याशेजारी बसलेली दिसली. डबा तसाच बंद करून मी खाली उतरले.

आमच्या बिलिंगच्या भिंतीवर एक पाटी आहे. 'अंतर्गत समिती, महिलांच्या तक्रारींसाठी' असं वर लिहिलंय, आणि खाली अध्यक्ष म्हणून माझं नाव. कायद्याने लावावी लागते, असं सीए म्हणाले म्हणून शेठनी ती लावली, आणि वयाने मोठी बाई म्हणून माझं नाव घातलं. त्या पाटीला आम्ही दसऱ्याला झेंडूचं तोरण लावतो, याउपर तिचा कोणाला उपयोग नव्हता. मी तिच्यासमोरून केबिनमध्ये गेले.

"शेठ, आकांक्षाला वर का पाठवलंत?"

"बस, नलू." शेठ थकलेले दिसत होते. "तिच्याच भल्यासाठी. घरातलं भांडण घरात मिटवावं. शहाण्याने कोर्टाची पायरी चढू नये. उद्या नोटीस आली, पेपरात नाव आलं, तर बाबांनी कमावलेली अब्रू जाईल."

"घर म्हणता ना? मग घरातल्या लेकीने तक्रार केली तर तिलाच माळ्यावर कोण पाठवतं? तिने तोंड उघडलं आणि तिची जागा गेली. आता दुसरी कोणी तोंड उघडेल का?"

"मी तिला शिक्षा केलेली नाही!"

"तुम्ही केली नाहीत. झाली."

शेठना माझं बोलणं झोंबलं. ते क्वचित आवाज चढवतात, तो त्या दिवशी चढला. "अभयची बाजू कोणी ऐकली? पोरगी सांगते आणि तू नाचतेस? तुला समितीवर बसवलं ते मी, हे विसरू नकोस."

"तुम्ही बसवलंत म्हणूनच बसलेय. आता उठायला सांगू नका. आणि अभयची बाजू मीही ऐकणार आहे, नीट, समोर बसवून. पण राखी बांधून ऐकता येत नाही."

"राखी होणार," शेठ म्हणाले आणि फोन कानाला लावला. समोरून कोणी बोलत नव्हतं, हे मला दिसत होतं.

नारळी पौर्णिमेला सकाळी शटर अर्धं वर होतं. आम्ही सगळे गाद्यांच्या मधल्या जागेत जमलो. ताटात निरांजन, राख्या, पेढे, नारळीभात. एकेकीने शेठना ओवाळलं, साड्या घेतल्या. दरवर्षी तिथे केवढी थट्टामस्करी चालते, त्या दिवशी सगळे खाली बघत होते. कारण प्रत्येकाला माहीत होतं. आमच्या दुकानात गोष्ट बाहेर जात नाही, पण आत मात्र भिंतींनाही कळते.

शेवटी शेठनी ताट आकांक्षाच्या हातात दिलं. "आता अभयला बांध. झालं गेलं विसरायचं. दोघं माझीच."

अभय पुढे झाला. नवा कुर्ता, कपाळावर टिळा. हसत मनगट पुढे केलं. मी एक पाऊल टाकणार तेवढ्यात आकांक्षा बोलली. तिचा शब्द एकही अडखळला नाही.

"शेठ, भाऊ मला घरी आहे. सुशांत नाव त्याचं. त्याला मी संध्याकाळी बांधणार आहे. इथे मला भाऊ नकोय. इथे मला माझी जागा हवी आहे, गादीवरची."

 अभयचा हात तसाच पुढे राहिला.  मी तिच्या बाजूने भांडायला निघाले होते, आणि ती पोरगी माझ्या पुढे जाऊन उभी होती.

 शेठनी ताट तिच्या हातातून स्वतः घेतलं. "अभय, हात खाली घे," एवढंच म्हणाले आणि केबिनमध्ये गेले. पाठोपाठ मला बोलावणं आलं.

"तुमचं समितीचं काय असेल ते करा," ते माझ्याकडे न बघता म्हणाले.

"आणि आकांक्षा?"

"खाली. आजपासून." मग म्हणाले, "चौकशी होईपर्यंत अभयला गादीवर ठेवायचं की नाही, ते समितीने मला लिहून द्यावं. मी ऐकेन."

आमच्या समितीत मी, बिलिंगची सीमा, गोडाउनचे धोंडूमामा, आणि बाहेरच्या सदस्य दुर्गाबाई. दुर्गाबाई परळला बायकांच्या एका संस्थेत काम करतात. बाई बारीक, पण बोलायला लागली की खोली भरते. त्या आल्या, आधी शेठना भेटल्या. शेठनी त्यांनाही कोर्टाची भीती सांगितली. त्या म्हणाल्या, "दावा टाळायचा असेल ना, तर तक्रार टाळू नका. तक्रार ऐकली, दोघांना समान वागवलं, आणि जिने तक्रार केली तिचं नखही दुखू दिलं नाही, तर बाईला कोर्टात जायची हौस नसते." शेठनी चहा मागवला.

आकांक्षाने तक्रार लेखी दिली. चौकशी होईपर्यंत अभयने गादीवर बसायचं नाही, असं आम्ही शेठना लिहून दिलं. तिची प्रत अभयला दिली, त्याचं उत्तर घेतलं. मी शब्द दिला होता त्याप्रमाणे त्याचं सगळं ऐकलं. त्याने त्याच्या बाजूने एका सेल्समनला आणलं, त्याचंही ऐकलं. अभयचं म्हणणं एकच, "हे धंद्याचं काम आहे. रील बघा. हजारो लोकांनी बघितल्यात, एकाने तरी वाईट म्हटलंय का?"

"बघू या," दुर्गाबाई म्हणाल्या. "फक्त आवाज बंद करून लावा."

सीमाने तिच्या मोबाइलवर रील लावली. ती मी पन्नास वेळा बघितलेली. अभयचं बोलणं ऐकून हसलेही होते. आता बोलणं नव्हतं, नुसती दोन माणसं दिसत होती. ती मागे सरकते. तो पदराला धरून तिला पुढे ओढतो. ती खांदा चोरते, त्याचा हात तिथेच. ती कमरेवरचा हात काढते, तो पुन्हा ठेवतो. दुसरी रील लावली, तिसरी लावली, सगळीकडे तेच. धोंडूमामांनी आयुष्यभर अभयला 'बाळ' म्हटलं. त्यांनी चष्मा काढला आणि म्हणाले, "पुरे करा." अभयही बघत होता. त्याच्या तोंडावरचं हसू हळूहळू गेलं. मला वाटतं, त्यानेही ते पहिल्यांदाच बघितलं असावं.

गणपती झाल्यावर आम्ही निर्णय दिला. अभयने लेखी माफी मागायची, त्याची पगारवाढ थांबवायची, गादी आणि रील बंद, काम गोडाउनला. आणि दुकानासाठी एक नियम आम्ही लिहून दिला: साडी दाखवायची तर स्वतःच्या अंगावर, नाहीतर पुतळ्यावर. दुसऱ्याच्या अंगाला कोणी हात लावायचा नाही. शेठनी सगळा निर्णय जसाच्या तसा पाळला. अभयने माफी मागितली. मान खाली घालून मागितली, हेही सांगायला हवं.

गोष्ट इथे संपली असती तर बरं झालं असतं. पण कागदावरचा निर्णय वेगळा आणि गादीवरचा वेगळा. बाकीचे सेल्समन आकांक्षाला एक शब्द वाईट बोलत नव्हते. ते बोलतच नव्हते. दारावरचा यशवंत 'या ताई, या' करून गिऱ्हाइकाला आत घ्यायचा आणि तिची गादी सोडून दुसऱ्या गादीवर बसवायचा. तिने वरच्या फळीवरचा गठ्ठा मागितला तर कोणाला ऐकू यायचं नाही. ती दिवसभर पांढऱ्याशुभ्र गादीवर रिकामी बसून असायची. तोंड दाबून बुक्क्यांचा मार म्हणतात, तो हाच.

मी शेठना सांगितलं. ते म्हणाले, "आता मी काय करू, नलू? गिऱ्हाईक कुठे बसेल ते मी ठरवतो का?"

"तुमच्या दुकानात दुसरं कोण ठरवतं?" मी म्हटलं. ते गल्ल्यातल्या नोटा मोजायला लागले. मला वाटलं, माझं बोलणं वाया गेलं.

दसऱ्यानंतर लग्नाचे बस्ते सुरू होतात. नवरीच्या, विहिणीच्या, करवल्यांच्या साड्या एकाच बैठकीत घ्यायच्या, त्याला बस्ता बांधणं म्हणतात. आमचं वर्ष त्यावरच निघतं. त्या दिवशी माटुंग्याच्या सरोजिनीबाई आल्या. आमचं तीन पिढ्यांचं गिऱ्हाईक. नातीचं लग्न, बरोबर घरच्यांचं अख्खं खटलं. यशवंतने त्यांना सवयीने पैठणीच्या गादीवर बसवलं, आणि मग त्याच्या लक्षात आलं की तिथे आकांक्षा आहे. तिने नमस्कार केला, चार पैठण्या उलगडल्या.

"तू नको गं," सरोजिनीबाई म्हणाल्या. "अभयला बोलव. आमचे सगळे बस्ते त्यानेच बांधले."

आकांक्षाचे हात थांबले. सगळ्या गाद्यांवरचे सेल्समन शेठकडे बघायला लागले. अभय मागे गोडाउनात होता, हाक मारली असती तर क्षणात आला असता.  शेठ गल्ला सोडून उठले आणि तिथे आले.

"अभय आता गादीवर नसतो, काकू. आकांक्षा दाखवेल. हिची नजर आमच्या दुकानात सगळ्यात चांगली आहे."

"का? काय झालं त्याला?"

"ते दुकानातलं आहे. तुम्ही साड्या बघा."

सरोजिनीबाईंना 'नाही' ऐकायची सवय नाही. "माधव, तुझ्या वडिलांपासून येतोय आम्ही. एका माणसाला हाक मारायला सांगितलं, तेवढंही होत नसेल तर आम्ही समोर जातो."

"जा, काकू," शेठनी हात जोडले. त्यांचा आवाज मऊच होता, पण दुकानभर ऐकू गेला. "वाईट वाटेल मला. पण पुन्हा याल तेव्हाही या गादीवर हीच असेल."

अख्खं खटलं उठलं. चपला घालून, रस्ता ओलांडून, समोरच्या दुकानात गेलं. आम्हाला काचेतून दिसत होतं.  आकांक्षा खाली मान घालून उलगडलेल्या पैठण्या गोळा करायला लागली.

तेव्हा शेठनी बूट काढले. ते गादीवर चढले, तिच्यासमोर मांडी घालून बसले आणि पैठणीची दोन टोकं हातात धरली. थोरले शेठ गेल्यापासून ते कधी गादीवर बसले नव्हते. त्यांना घडी धड येतही नव्हती, काठ काठावर बसेना.

"शेठ, राहू द्या," आकांक्षा कावरीबावरी झाली. "मी करते. तुम्ही उठा, लोक बघतायत."

"बघू देत," शेठ म्हणाले. "गादी तुझी आहे. मी मदतीला बसलोय. घडी कशी घालायची, सांग."

तिने सांगितलं. मालकाने टोक धरलं, तिने टोक धरलं, आणि दोघांनी मिळून चारही पैठण्यांच्या घड्या घातल्या. दुकान भरलेलं होतं, दहाबारा सेल्समन होते, आणि सगळे बघत होते. थोड्या वेळाने दारातून दोन बायका आल्या. यशवंत पुढे झाला, क्षणभर घुटमळला, आणि मग म्हणाला, "या ताई. पैठणी ना? इकडे, आकांक्षाकडे." आतून कोणीतरी न मागता वरच्या फळीवरचा गठ्ठा उतरवून तिच्या शेजारी आणून ठेवला.

मी माझ्या गादीवर होते. समोरची गिऱ्हाईक बाई मला विचारत होती, "अहो, ही मोरपंखी दाखवताय ना?" आणि मला तिचं बोलणं ऐकू येत नव्हतं. डोळे भरून आले होते, आणि ते पुसायलाही मला सुचलं नाही. इतकी वर्षं या दुकानात आहे, पण टिपणिसांकडे काम करते असं सांगताना मान इतकी ताठ कधीच झाली नव्हती.